कॅमेऱ्यापलीकडची ताई

लोकांची अणुविजेची भीती घालवायला केंद्रातल्या इंजिनीयरबाईंना टीव्हीवर बसवलं ते नाइलाजाने. आधीचे साहेब आकडे फेकत सुटायचे आणि लोक आणखीच बिथरायचे. बाई बोलायला बऱ्या, असं कुणीतरी वरिष्ठांच्या कानावर घातलं. पण दिवे लागताच त्यांचीही गाडी आकड्यांवर घसरली.

"बाई, तुमचं ऐकता ऐकता माझा कॅमेरामन झोपला," दिग्दर्शक म्हणाला. "तो उभ्याने झोपू शकतो हे मलाही आजच कळलं. सगळ्यांशी बोलू नका. एकाच माणसाशी बोला. ज्याला हे पटावं असं मनापासून वाटतं, त्याच्याशी."

असं माणूस एकच होतं. ताई.

आई गेल्यावर ताईनेच बाईंना वाढवलं होतं. धाकटीने शिकावं म्हणून स्वतःची शाळा सोडली होती. पुढे याच केंद्रासाठी समुद्राकाठची वस्ती उठवली, त्यात ताईचं घर गेलं. आणि धाकटी त्याच केंद्रात नोकरीला लागली. ताई भांडली असती तर बरं झालं असतं. तिने बोलणंच टाकलं. बाई एकदा तिच्या नव्या घरी गेल्या, तर भाच्याने दारातच सांगितलं, "आई घरात नाही." आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता.

तेव्हापासून बाई त्या काळ्या भिंगाकडे बघून ताईशी बोलू लागल्या. अणू फुटतो म्हणजे काय होतं, वीज कशी निघते, अणुभट्टी बंद कशी करतात. हळूहळू शिव्यांची पत्रं कमी झाली. बाईंच्या मनात मात्र एकच घोकणं: तिने पाहिलं असेल का?

एकदा थेट कार्यक्रमात प्रेक्षकांचे फोन घेत होते.

"वापरून झालेलं इंधन कुठे ठेवता?"

आवाज घोगरा झाला होता, पण तोच. बाई भिंगाकडे जरा झुकल्या.

"केंद्रातच. खोल पाण्याच्या टाक्यांत."

"आणि मग?"

"थंड झालं की जाड पिंपांत."

"आणि कायमचं कुठे?"

काचेपलीकडून केंद्राचे वरिष्ठ हातवारे करत होते. सांगा, सगळी सोय झालीय. बाईंनी तिकडे पाहिलंच नाही.

"ते अजून ठरलेलं नाही, ताई."

निवेदकाला वाटलं, बाई आदराने म्हणाल्या.

"एवढं बोलायला टीव्हीवर जावं लागलं होय गं तुला?" पलीकडून आलं आणि फोन बंद झाला.

कार्यक्रम संपताच बाईंनी तो नंबर मिळवून लावला. शिंप्याचं दुकान निघालं.

"त्या आत्ताच गेल्या," शिंपी म्हणाला. "दर आठवड्याला इथे टीव्ही बघायला येतात. तुमचं चाललेलं असताना मला मशीनसुद्धा चालवू देत नाहीत. काही निरोप?"



"सांगा, धाकटी विचारत होती."

"काय विचारत होती?"

"कशी आहेस म्हणून."

पुढच्या आठवड्यात बाईंना काढून त्या खुर्चीवर दुसरे साहेब बसवले. बाईंनी घरी टीव्ही लावला, पण त्यांचं लक्ष पडद्याकडे नव्हतंच. दुकानात ताई आली असेल, साहेबांना बघून काही न बोलता उठली असेल, की धाकटी येईल म्हणून थोडी थांबली असेल अजून?