बिनविरोध

मृणालिनी गुप्तेनं अध्यक्षपदाचा अर्ज भरला, त्याला कारण म्हणाल तर एवढंच, की अध्यक्ष दिवसभर करतात तरी काय हे तिला जाणून घ्यायचं होतं.

ती न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला विद्यापीठात संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होती. सकाळी अप्पर हटहून ट्रेननं जायची, संध्याकाळी ट्रेननंच परत यायची. २०१६च्या ऑगस्टमध्ये एका दुपारी हरवलेल्या जॅकेटची चौकशी करायला ती विद्यार्थी संघटनेच्या ऑफिसात गेली. तिथे टेसा, म्हणजे त्या वर्षीची अध्यक्ष, एका हातानं सँडविच खात दुसऱ्या हातानं कुणाच्या तरी घरमालकाला पत्र टाइप करत होती.

"हे तुझं काम आहे?" मृणालिनीनं विचारलं.

"आज आहे," टेसा म्हणाली. "या फ्लॅटच्या भिंतींना बुरशी आलीये. दोन जणांचा खोकला महिनाभर जात नाहीये, आणि मालक म्हणतो, खिडक्या उघडा."

मग काल विद्यापीठाच्या कौन्सिलची मीटिंग होती, उद्या बसवाल्यांशी बोलणी आहेत, असं कळलं. ही पूर्णवेळ नोकरी असते, वर्षभराची, तिला पगार असतो, आणि ती विद्यार्थ्यांच्या मतांवर मिळते, हेही कळलं. मृणालिनी खुर्ची ओढून बसली. तिचं दोनचं लेक्चर बुडालं. तिनं इतकं विचारलं, इतकं विचारलं, की शेवटी टेसानं ड्रॉवरमधून उमेदवारीचा फॉर्म काढून तिच्यासमोर ठेवला.

"उरलेल्या प्रश्नांसाठी हा भर," ती म्हणाली. जॅकेट काही सापडलं नाही.

घरी जेवताना तिनं विषय काढला. तिचे बाबा, शिरीष, एका सरकारी खात्याच्या कॉम्प्युटर यंत्रणा सांभाळायचे. पुण्याहून इथे आले तेव्हा मृणालिनी सहा वर्षांची होती.

"पगार?" त्यांनी घास हातातच धरला. "निवडून आलं की पगार?"

"हो बाबा. सोमवार ते शुक्रवार. सुट्ट्यासुद्धा मिळतात."

"आमच्या कॉलेजात जी.एस.च्या निवडणुकीत डोकी फुटायची. आणि मिळायचं काय, तर गॅदरिंगला पहिल्या रांगेत खुर्ची." त्यांना मौज वाटली होती. त्यांनी फॉर्म मागून घेतला, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, "आजारपणाची रजासुद्धा आहे गं यात."

आईला, निवेदिताला, वेगळी काळजी. "आणि ऑनर्सचं काय?"

"एक वर्ष पुढे ढकलीन."

"लोक विचारतील, नापास झाली का म्हणून."

"त्यांना सांग, नोकरी लागली."

अर्जांची मुदत संपली त्या शुक्रवारी निवडणूक अधिकारी हेलनचा फोन आला. दुसऱ्या कुणी अर्जच भरला नव्हता. मृणालिनी एकटी उमेदवार होती. हेलन पुढे आणखीही काही सांगत होती, पण आई शेजारीच उभी होती. तिनं "एकटीच" एवढं ऐकलं आणि रविवारपर्यंत हट व्हॅलीतल्या सगळ्या मराठी घरांत गुप्त्यांची मुलगी बिनविरोध निवडून आल्याचं कळलं होतं. शकुकाकू रेग्यांनी फोन करून अभिनंदन केलं आणि पेढे मागितले.

हेलन जे पुढे सांगत होती ते असं, की मतपत्रिकेवर मृणालिनीच्या नावाखाली आणखी एक ओळ असणार होती: 'नो कॉन्फिडन्स'. उमेदवार एकच असला तरी मतदान होणारच. ज्यांना ती नको असेल त्यांनी त्या ओळीवर खूण करायची. त्या ओळीला जास्त मतं पडली तर जागा रिकामी राहणार आणि मार्चमध्ये पुन्हा निवडणूक.

"असं कधी झालंय?" मृणालिनीनं विचारलं.

"माझ्या काळात नाही," हेलन म्हणाली.

मतदानाच्या दहा दिवस आधी लायब्ररीच्या दाराशी पहिलं पोस्टर दिसलं. साधा पांढरा कागद, काळ्या मार्करनं लिहिलेला. 'एकच उमेदवार म्हणजे निवडणूक नव्हे. नो कॉन्फिडन्सला मत द्या.' खाली ईमेलचा पत्ता. तिच्या मैत्रिणीनं ते फाडायला हात घातला, तो मृणालिनीनं धरला.

"राहू दे."

"अगं, तुझ्याविरुद्ध आहे ते."

"हो, पण कोणाचं आहे?"

राग आला नाही असं नव्हतं. दुपारपर्यंत तिला अशी अकरा पोस्टरं दिसली आणि प्रत्येक तिनं थांबून वाचलं. पण त्याहून जास्त तिला हे छळत होतं, की स्वतः उभं न राहता, काही मिळणार नसताना, कुणीतरी एवढी पोस्टरं हातानं का लिहिली असतील. तिनं त्या पत्त्यावर लिहिलं: 'मी मृणालिनी. कॉफी प्यायला भेटूया का?' तासाभरात उत्तर आलं. 'चालेल. पण तू मला ओळखतेस.'

कॅफेत कोपऱ्यातल्या टेबलाशी देवव्रत रेगे बसला होता. शकुकाकूंचा देवव्रत. लहानपणी दर शनिवारी त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर टॉग्जची, म्हणजे पोहायच्या कपड्यांची, पिशवी मांडीवर घेऊन दोघं पोहायला जायची. आता तो कायद्याच्या चौथ्या वर्षाला होता, इथे सगळे त्याला देव म्हणायचे, आणि तिनं त्याला वर्षभरात पाहिलं नव्हतं.

"काकूंना माहितीये?" तिनं पहिला प्रश्न हाच विचारला.

"आईला वाटतं मी असाइनमेंट करतोय." तो ओशाळून हसला. त्याचं मराठी इंग्रजीत जाऊन येऊन असायचं. "हे बघ, इट्स नॉट अबाउट यू."

"फोटो माझाच आहे मतपत्रिकेवर."

"दोन वर्षं झाली, अध्यक्ष बिनविरोधच येतायत. शंभरातले सहा लोक मत देतात. सहा. संघटनेचं सभासद होणं ऐच्छिक झालं, तेव्हापासून कुणी कुणाला काही विचारतच नाही. तुझं पोस्टर काय म्हणतं माहितीये?"

तिला माहीत होतं. 'अनुभवी. आपुलकीची. तुमची.' मैत्रिणीनं लिहिलं होतं. खाली तिचा हसरा फोटो.

"कसला अनुभव?" देवव्रतनं विचारलं.

मृणालिनीनं कॉफी ढवळली. "मग तू का नाही उभा राहिलास?"

"मला ती नोकरी नकोय. मला फक्त निवडणूक हवीये."

परतीच्या ट्रेनमध्ये हे वाक्य तिच्या डोक्यात राहिलं. पोरगा खरं बोलत होता, हेच तिला अवघड जात होतं. दुसऱ्या दिवशी ती हेलनकडे गेली. उमेदवारांच्या जाहीर सभेत बोलायला तिला एकटीलाच दहा मिनिटं होती. त्यातली पाच नो कॉन्फिडन्सच्या बाजूनं कुणाला देता येतील का, असं तिनं विचारलं.

हेलननं चष्म्यावरून पाहिलं. "तुझ्याविरुद्ध बोलायला?"

"मी एकटीनं बोलण्यापेक्षा लोक ऐकतील तरी."

हेलननं संघटनेची घटना काढली, पानं चाळली. मनाई कुठेच लिहिलेली नव्हती. परवानगीही नव्हती. "म्हणजे मीच ठरवायचं," ती स्वतःशी म्हणाली आणि हो म्हणाली.

मधले चार दिवस मृणालिनीनं स्वतःची पोस्टरं काढून टाकली आणि वही घेऊन कॅम्पसभर हिंडली. दिसेल त्याच्याशेजारी बसून ती एकच विचारायची: गेल्या आठवड्यात इथे तुला सगळ्यात जास्त त्रास कशानं झाला? काहींनी उडवून लावलं. एक मुलगा परीक्षेच्या निकालापासून आजीच्या तब्येतीपर्यंत तासभर बोलला. मास्टरटनहून येणारी दोन मुलांची आई होती, तिला सकाळच्या नऊच्या लेक्चरला पोचता येत नव्हतं आणि ते लेक्चर रेकॉर्ड होत नव्हतं. रेकॉर्ड न होणाऱ्या लेक्चरांबद्दल वहीत सत्तावीस नोंदी झाल्या. इतके लोक रोज लांबून येतात आणि तेही आपल्याच ट्रेननं, हे तिला तीन वर्षांत कळलं नव्हतं.

सभा फूड कोर्टात होती, ऐन जेवणाच्या वेळी. एरवी अशा सभेत उमेदवारांचे मित्र तेवढे टाळ्या वाजवायचे. पण स्वतःच्या विरोधकाला माइक देणारी उमेदवार आहे, ही बातमी पसरली होती. लोक ट्रे हातात घेऊन उभे राहिले. जिन्यावरही माणसं होती.

देवव्रत आधी बोलला. छान बोलला, मुद्देसूद, आणि तिच्याबद्दल एकही वावगा शब्द काढला नाही. मग मृणालिनीनं वही उघडली आणि त्या सत्तावीस जणांचं सांगितलं. दोनदा पान चुकलं.

मागून कुणीतरी विचारलं, "पण तुला ही नोकरी हवी कशाला?"

तिच्याकडे तयार उत्तर होतं. ते न देता ती म्हणाली, "खरं सांगायचं तर ती नोकरी असते काय, हे बघायला मी अर्ज भरला. काय करायचं ते मला मागच्या आठवड्यात कळायला लागलं. अजून पूर्ण कळलेलं नाही."

लोक हसले. काहींनी टाळ्या वाजवल्या. देवव्रत मान खाली घालून पायऱ्यांकडे बघत होता.

निकाल गुरुवारी लागला. मतदान गेल्या वर्षीच्या तिप्पट झालं होतं. मृणालिनी गुप्ते, एक हजार एकाहत्तर. नो कॉन्फिडन्स, अकराशे चार.

तेहतीस मतांनी ती हरली. घरी आई सोफ्यावर बसत म्हणाली, "पण हरलीस कोणाकडून? लोकांना सांगू काय मी?"

"कोणाकडूनच नाही," बाबा म्हणाले. त्यांना हसू येत होतं, पण लेकीचा चेहरा पाहून त्यांनी ते आवरलं. मृणालिनी खोलीत जाऊन रडली. पडायचं ते पडायचं, निदान माणसासमोर तरी, असं तिला वाटत राहिलं.

दिवाळीच्या शनिवारी शकुकाकू आणि देवव्रत दारात उभे. काकूंच्या हातात चकल्यांचा डबा होता. त्यांना सगळं कळलं होतं.

"निवेदिता, मला तोंड दाखवायला जागा नाही," त्या आत येत म्हणाल्या. "आपल्याच पोरीला पाडायला निघाला हा. दुसरं कुणी नव्हतं याला. माफी माग रे तिची."

"मावशी, आय ॲम सॉरी, की तुम्हाला वाईट वाटलं," देवव्रत निवेदिताला म्हणाला. "पण मी चुकलो असं मला वाटत नाही."

काकूंनी कपाळाला हात लावला. आई काय बोलेल याचा अंदाज मृणालिनीला येईना, म्हणून तीच मध्ये पडली. "काकू, तो चुकला नाही. देव, बाहेर ये जरा."

मागच्या अंगणात वारा होता. ती म्हणाली, "त्या अकराशेंपैकी तू किती जणांना ओळखतोस?"

"शंभर असतील. का?"

"मला भेटायचंय त्यांना. मत का दिलं नाही ते विचारायचंय."

"मार्चमध्ये पुन्हा उभी राहणारेस?"

"ते नंतर. आधी भेटव."

तो डिसेंबर-जानेवारीतला तिथला उन्हाळा तिनं त्यात घालवला. सकाळी कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे छोट्या किराणा दुकानात, दूध-पाव विकायची, दुपारी देवव्रतनं दिलेली नावं गाठायची. बहुतेकांनी कुणीतरी मत द्यायला सांगितलं म्हणून दिलं होतं. कुणी तिच्या पहिल्या पोस्टरवर चिडलं होतं. एका मुलीनं सांगितलं, "मी चुकून दिलं, मला वाटलं तू जिंकतेच आहेस, तर गंमत म्हणून." मृणालिनीनं तेही लिहून घेतलं. काही जण तिच्याबरोबर हिंडायला लागले.

मार्चमध्ये चार अर्ज आले. एक तिचा. या वेळी पोस्टरवर फोटो नव्हता, तीन कामं लिहिली होती, त्यांत पहिलं लेक्चर रेकॉर्डिंगचं. दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाहून दोनशे बारा मतं जास्त घेऊन ती निवडून आली. आईनं या वेळी आधी निकालाचं पान स्वतः वाचलं आणि मगच फोन हातात घेतला. चौघांत पहिली आली, असं ती प्रत्येकाला सांगत होती.

"तू कुणाला दिलंस?" मृणालिनीनं देवव्रतला विचारलं.

"सिक्रेट बॅलट," तो म्हणाला. तिनं पुढे तीनदा विचारून पाहिलं, त्यानं कधीच सांगितलं नाही.

कौन्सिलच्या पहिल्या मीटिंगला ती नवे बूट घालून गेली. लांबलचक टेबल, भोवती सतरा माणसं, सगळी तिच्या आईबाबांच्या वयाची किंवा मोठी. प्रत्येकासमोर चौसष्ट पानांचा गठ्ठा. तिनं आदल्या संध्याकाळी तो ट्रेनमध्ये आणि घरी मिळून दोनदा वाचला होता. अकराव्या पानावर एक शब्द होता, रेकॉर्डिंगच्या खर्चाशेजारी, तो तिला कळला नव्हता. ते पान आलं आणि कौन्सिलच्या अध्यक्षांनी "मंजूर?" म्हटलं. माना हलल्या.

मृणालिनीनं हात वर केला आणि माओरी पद्धतीनं नमस्कार केला. "कियोरा. मला या शब्दाचा अर्थ सांगाल?"

अध्यक्षांनी अर्थ विभागाच्या गृहस्थांकडे पाहिलं. त्यांनी पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं आणि शेजारच्या बाईंना काहीतरी विचारलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली. टेबलाभोवती सतरा जणांनी आपापलं अकरावं पान उघडलं आणि पहिल्यांदाच नीट वाचायला घेतलं.