विहीणबाई आणि साडेपाचची भरती

ऑर्तेन्सियाने पेपरातला भरतीचा तक्ता तीनदा वाचला. तिन्ही वेळा तेच: साडेपाचला पाणी एक मीटरच्या वर. शहराचा धोक्याचा भोंगा वाजवण्याइतकं नाही. पण तिच्या तळमजल्याला पाणी भरायला भोंग्याची गरज कधी लागलीच नव्हती. आणि फोनवर तर छातीठोकपणे सांगून बसलेली, "आमच्या घरात थेंब येत नाही हो, विहीणबाई!"

लेक लोरेदानाचं लग्न येत्या एप्रिलमध्ये ठरलं होतं. मुलगा तिकडे कोरड्या जमिनीवरच्या त्रेव्हिझो गावचा, स्वभावाने गरीब. पण त्याच्या आईने, इल्देबाईंनी, तिथेच गॅरेजसकट फ्लॅट बघून ठेवला होता. ऑर्तेन्सियाचं म्हणणं, पोरांनी माझ्या वरच्या मजल्यावर राहावं. नवरा देवाघरी, थोरला तुरिनला गेला तो गेलाच. गल्लीतल्या अकरा खिडक्यांपैकी आठ बंद. आता हीसुद्धा गेली तर भांडायचं कोणाशी?

आज व्याही-विहीण व्हेनिस बघायला येणार होते, आणि त्या निमित्ताने घरही. बेत साधा होता. तीनला घरी, कॉफी, वरच्या खोल्या, चारला बाहेर. मग पाणी आलं तर येऊ दे, त्यांची पाठ फिरल्यावर.

पण पाहुण्यांना घाई नव्हती.

"जरा हळू चला की," व्याही आम्पेलिओ पुलावर धापा टाकत म्हणाले. "आम्ही फिरायला आलोय, चोर पकडायला नाही."

"इथे हळू दोघंच चालतात. पर्यटक आणि प्रेतयात्रा."

"आई!" लोरेदाना पुटपुटली.

"तू गप्प. उजव्या बाजूने चला हो, लोकांना कामं आहेत."

इल्देबाईंना सान मार्कोच्या चौकात कबुतरांना दाणे घालायचे होते. घातले. मग मनोऱ्यावर चढायचं होतं, आणि रांग केवढी! "वर काय बघायचंय?" ऑर्तेन्सिया म्हणाली. "खाली आहे तेच लहान दिसतं." तरी चढल्या. खाली आल्यावर चर्चवरच्या ब्राँझच्या घोड्यांकडे बोट करून विचारतात, "हे खरे का हो?"

"खरे आत ठेवलेत. चला पुढे."

एवढ्यात तिला दिसलं. फरशीतल्या दगडी भोकांतून पाणी बुडबुडायला लागलं होतं. विहीणबाईंची नजर जायच्या आत ती जाऊन त्यातल्या एका भोकावर दोन्ही पाय रोवून उभी राहिली.

"तिथे काय करताय?"

"इथून फोटो छान येतो. काढा ना, आम्पेलिओभाऊ!"

बुटांत गार पाणी झिरपत होतं आणि ती दात काढून हसत होती. आम्पेलिओंनी चार फोटो काढले. पाचव्याच्या आधी तिने सगळ्यांना धक्क्याकडे हाकललं. तीनला दहा कमी होते, होडी समोर लागली होती आणि एकदाची इल्देबाईंनाही घाई सुटली. सरळ वाट दिसली तशा त्या निघाल्या, पाण्याकाठच्या दोन उंच खांबांच्या बरोबर मधून.

"थांबा!"

ऑर्तेन्सिया अशी किंचाळली की कबुतरं उडाली. त्या खांबांमध्ये पूर्वी माणसांची मुंडकी उडवत. व्हेनिसमध्ये जन्मलेलं माणूस तिथून जात नाही, मग होडी सुटो की घर जळो.

"माझं मुंडकं आहे जागेवर," इल्देबाई मान चाचपत म्हणाल्या.

"उलट पावली मागे या. वळू नका. माझी आई अस्संच करायला लावायची."

"अहो, अठ्ठावन्न वर्षांची बाई मी! भर चौकात खेकड्यासारखी चालू?"

"मग हा अपशकुन माझ्या लेकीच्या संसारात आणणार?"

तोंड मिटून घेतलं असतं तर होडी मिळाली असती, हे तिलाही कळत होतं. पण ते तोंड मिटणारं नव्हतं. दहा मिनिटं जुंपली. शेवटी नवऱ्याचा हात धरून इल्देबाई मागे मागे चालत आल्या, परदेशी लोकांनी फोटो काढले, आणि होडी गेली. पुढची भरून आली. चालत जावं तर इल्देबाईंच्या टाचा सोललेल्या, मन त्याहून. कॉफीच्या दुकानात त्या तासभर फुगून बसल्या. ऑर्तेन्सिया बसलीच नाही. दारात जायची, कालव्याच्या पायऱ्या मोजायची, परत यायची. एकेक पायरी बुडत होती.

घरी पोचेपर्यंत पाच वाजले. दार उघडलं तर पाणी त्यांच्या आधी आत येऊन बसलेलं.

लोरेदानाने स्कर्ट खोचला, गालिचा गुंडाळला, खुर्च्या टेबलावर चढवायला घेतल्या. हात असे चालत होते की कोणालाही कळावं, हे काम आजचं नाही. इल्देबाई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर चढून उभ्या राहिल्या.

"थेंब येत नाही म्हणाला होतात."

"थेंब नाहीच येत," ऑर्तेन्सिया म्हणाली. "येतं ते असं एकदम येतं."

आम्पेलिओ खो खो हसले. इल्देबाई हसल्या नाहीत. त्या वळल्या लोरेदानाकडे. "मुली, सकाळपासून आम्ही दोघीच बोलतोय. तुला कुठे राहायचंय?"

लोरेदानाच्या हातात खुर्ची तशीच राहिली. "त्रेव्हिझोला." मग हळूच, "फ्लॅट मीच बघायला सांगितला होता. जुलैमध्ये. आई, मला खुर्च्या उचलायचा कंटाळा आलाय गं. तुझा नाही."

ऑर्तेन्सियाने तोंड उघडलं आणि मिटलं. लेकीने असं पहिल्यांदाच पाहिलं.

"स्वयंपाकघराला खिडकी आहे का?" तिने विहिणीला विचारलं.

"आहे. मोठी आहे."

"मग झालं."

झालं काहीच नव्हतं. तिने खिळ्यावरचे रबरी बूट काढले, नवऱ्याचे आम्पेलिओंना दिले, स्वतःचे इल्देबाईंच्या पायात आपल्या हाताने चढवले. "लोरेदाना, स्टेशनवर सोडून ये यांना. आणि हळू चल, विहीणबाईंच्या टाचा दुखतायत."

ते गेले. मग ती झाडू घेऊन, अनवाणीच, पाणी दाराबाहेर लोटायला लागली. समोरच्या खिडकीतून शेजारीण नोरीना ओरडली, "ऑर्तेन्सिया, डोकं फिरलं का? ओहोटी लागायला अजून वेळ आहे!"

"ठाऊक आहे मला!"

आणि लोटत राहिली. पाणी उंबऱ्यापर्यंत जायचं, तिच्या पायांशी परत यायचं.