सीलबंद पाकिटातला गेटपास

मित्रांनो, मी बोईसरच्या एका केमिकल कारखान्याचा जुना गेटपास. तळहाताएवढा पुठ्ठा, वर प्लास्टिकचं कव्हर आणि गळ्यात अडकवायला निळी नाडी, एवढंच माझं शरीर. कारखान्याचं नाव माझ्यावर छापलेलं होतं, ते जळून गेलं. नंबर राहिला आहे, एकशे बारा. नाव राहिलं आहे, नलू. त्या नावानेच सगळा घात केला.

माझा जन्म ठेकेदाराच्या खोलीत झाला. प्रदीप नावाच्या मुकादमाने माझ्यावर नलूचा फोटो चिकटवला, शिक्का मारला आणि मला कव्हरात सरकवलं. नलू सरावलीला भाड्याच्या खोलीत राहायची. शेजारच्या खोलीत नवशा आणि त्याची बायको बुधी राहायची. दोन्ही घरं विक्रमगडकडच्या डोंगरातली. नलू पावडरच्या गोण्या भरायची आणि मी तिच्या छातीवर लोंबत असायचो. पहिला पगार झाला तेव्हा तिने मला पदराने पुसलं होतं. तेवढं कौतुक मला पुष्कळ होतं.

तिथे एक रीत होती. तीन दिवस पास गेटवर आला नाही तर तो रद्द व्हायचा, आणि नव्या पाससाठी महिनाभर प्रदीपच्या मागे फिरावं लागायचं. म्हणून गावी जाताना बायका आपला पास शेजारणीला देऊन जायच्या. शेजारीण स्वतःचा फोटो वरून कव्हरात सरकवायची आणि कामावर जायची. प्रदीपला हे ठाऊक होतं. "गेटवर नंबर बघतात, थोबाड कोण बघतो," असं तो म्हणायचा.

त्या वर्षी नलू भाताच्या लावणीला गावी गेली. माझ्यासाठी बुधीने स्टेशनजवळच्या दुकानात चार फोटो काढले. तिचे आयुष्यातले पहिले. नवशा फोटो बघून म्हणाला, "ही कोन बाई? लय चिडलेली दिसतं."

"तुजीच हाय. जपून ठेव," बुधी म्हणाली. एक फोटो तिने माझ्या कव्हरात घातला, तीन त्याच्याकडे दिले.

चौथ्या दिवशी दुपारी कारखान्यातली टाकी फुटली. बुधी तेव्हा गोणी शिवत होती. पाच माणसं मेली, त्यांत ती होती. माझं कव्हर वितळलं आणि तिचा फोटो मला चिकटून बसला. वर काजळी धरली.

रुग्णालयात एका माणसाने माझ्यावरचं नाव वाचलं आणि वहीत लिहिलं, नलू. काजळी त्याने पुसली नाही. नवशा धावत आला. मनगटावरच्या गोंदणावरून त्याने बायकोला ओळखलं.

"ही बुधी हाय. माजी बायको."

"वहीत नलू आहे," तो माणूस म्हणाला. "नलूचा नातेवाईक म्हणून सही कर आणि बॉडी ने. नाव काय, उद्या येऊन बदलता येईल."

नवशाने सही केली. बायकोला तिथे फरशीवर ठेवून त्याला वाद घालायचा नव्हता. दुसऱ्या दिवशी तो गेला तेव्हा तो माणूस ड्यूटीवर नव्हता. तिसऱ्या दिवशी नलू गावाहून परतली आणि मेलेल्यांच्या यादीत तिला स्वतःचं नाव दिसलं.

पुढे चौकशी बसली. ती दोन वर्षं चालली. एका निवृत्त न्यायाधीशांनी मला हातात घेतलं आणि ओल्या रुमालाने पुसलं. काजळीखालून बुधी दिसली, तशीच चिडलेली. त्यांनी अहवालात लिहिलं की मेलेली स्त्री बुधी आहे, नोंद दुरुस्त करावी आणि तिच्या नवऱ्याला तीन महिन्यांत भरपाई द्यावी. त्या दिवशी मला माझा फार अभिमान वाटला. मग मला खाकी पाकिटात घातलं, लाखेचं सील केलं, फायलीत ठेवलं आणि पालघरच्या एका कचेरीत पाठवलं.

त्याला चार वर्षं झाली. बाकी चौघांच्या घरी भरपाई पोचली, तीही दीड वर्ष उशिरा. नवशा अजून येतो. फाईल वामन नावाच्या कारकुनाकडे आहे.

"अहवालात बुधी, मृत्यूच्या दाखल्यात नलू," वामन पहिल्यांदा म्हणाला. "मी कोणाला मारू?"

"सायेब, फोटू पाकिटात हाय. उघडा नी बघा."

"सील उघडायला मुंबईचा लेखी आदेश लागतो."

"तो कदी येल?"

"इथून मागणी गेली की."

"मागणी कदी जाल?"

"नोंद दुरुस्त झाली की."

आणि नोंद दुरुस्त करायला मीच हवा होतो. मी त्याच्या कोपराखाली होतो.

एकदा नवशा नलूला घेऊन आला. ती म्हणाली, "मी नलू. जित्ती हाय. तुमी माजं रेशन तोडलंय. माजा जबाब लिवून घ्या."

वामनने दाखला तिच्यापुढे धरला. "मेलेल्या बाईचा जबाब मी कसा घेऊ? आणि जिवंत असशील तर पास दुसरीला दिलास, तो गुन्हा आहे. काय ते ठरव आणि सांग."

नलू पुन्हा आली नाही. नवशानेही तिला बोलावलं नाही.

गेल्या महिन्यात तो एकटाच आला. या वेळी त्याने भरपाई मागितली नाही.

"पैशाचं ऱ्हाऊ द्या, सायेब. फोटू तेवढा एकदा दाखवा. घरात एक बी नाय. तीन होते, ते तुमच्या अर्जांना लावले."

"ते अर्ज निकाली निघाले. नष्ट केले असतील," वामन म्हणाला. त्याने खणातून कोरा कागद काढून दिला. "पाकीट बघायचं तर नवा अर्ज कर. सोबत मयताचा फोटो जोड."

नवशाने कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि गेला.

मित्रांनो, इथली हवा खारी आणि ओली आहे. पाकिटात मला बुरशी लागली आहे. आधी बुधीचं कपाळ गेलं, मग एक डोळा. तिचा फोटो वर आहे, म्हणून तो विरतो आहे. खालचा नलूचा फोटो शाबूत आहे. एक दिवस आदेश येईल, सील फुटेल आणि साहेबांना माझ्यावर नलू दिसेल. ते म्हणतील, दाखला बरोबरच होता.

तुम्ही मोठे व्हाल, कुठल्यातरी टेबलामागे बसाल. माझ्यासारखा काळा पडलेला पास तुमच्या हाती येईल. नाव लिहून घेण्याआधी तो ओल्या फडक्याने पुसा. न्यायाधीशांना अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.