डिस्कचा राखीव कप्पा

कॉम्प्युटरवाला जमिनीवर मांडी घालून सीपीयूचे स्क्रू काढत होता आणि थोरला त्याच्या डोक्यावर उभा राहून त्यालाच अक्कल शिकवत होता. कातरबाईंना लेकाची ही खोड पहिल्यापासून खुपायची. चूक जितकी मोठी, तितका याचा आवाज मोठा.

"हिनंच काहीतरी दाबलंय. हिच्या हाती मशीन दिलं तिथंच चुकलं!"

थोरली सून कोपऱ्यात खाली मान घालून काजं करत होती. चार दिवसांपूर्वी कॉम्प्युटरवरचं काही उघडेना, तेव्हा लेकाचं ऐकून कातरबाईंनीच तिला कारागिरांदेखत कॉम्प्युटरपुढून उठवलं होतं.

बाजारात त्यांना कातरबाई म्हणत. कात्रीवरून की जिभेवरून, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. शाळा दुसरीतच सुटली. पण एक खांदा उतरलेल्या, पाठीला पोक आलेल्या माणसाच्या अंगावर कोट सरळ बसवावा तर त्यांनीच. अशा गिऱ्हाइकांचे तीनशेवर फर्मे, म्हणजे मापाचे नमुने, त्यांनी तपकिरी कागदावर कापले होते. नावं लिहिणं जमेना, म्हणून ओळखीला कोपऱ्यात खाचा. सुनेनं दोन वर्षं खपून ते सगळे कॉम्प्युटरवर चढवले, खाचांसकट. कागद थोरल्यानं रद्दीत घातले.

कॉम्प्युटरवाल्यानं आत टॉर्च मारला. "मावशी, मी दोन डिस्क जोडून दिल्या होत्या. एक मोठी, संथ. एक छोटी, चपळ. काम आधी छोटीवर उतरतं, मग सवडीनं मोठीवर जातं. छोटी काढायची तर आधी जोड सोडवावी लागते, नाहीतर मोठीवरचं अर्धवट राहतं आणि काहीच उघडत नाही. इथं छोटी नाहीच."

"नाही म्हणजे? पाय फुटले तिला?"

थोरला खाकरला. "माझ्या लॅपटॉपला लावली. मला वाटलं, सगळं मोठीवरच असतं."

"लावताना पुसलीत?"

थोरल्यानं नजर चुकवत मान डोलावली.

"तरी निभावलं असतं," म्हणत कॉम्प्युटरवाल्यानं मोठी डिस्क स्वतःच्या मशीनला जोडली. "हिच्यावर मी रिकव्हरीचा राखीव कप्पा ठेवला होता. वहिनी दर आठवड्याला सगळ्या फर्म्यांची नक्कल त्यात ठेवायच्या." त्यानं पडद्यावर खालीवर शोधलं. "कप्पाही मोडलाय. त्या जागेत सिनेमे भरलेत."

"जागा अडून पडली होती," थोरला उसळला. "उघडून बघितलं तर आत काही दिसतच नव्हतं!"

"तुला दिसत नाही ते रिकामं, होय रे?"

"एवढं काय झालं, आई? परत काप की फर्मे!"

कातरबाईंनी आपल्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं. वर्ष झालं, ती कात्रीच्या कडीत जात नव्हती. कारागिरांनी शिवणाची मशिनं थांबवून इकडे कान लावले होते.

"ऊठ गं," त्या सुनेला म्हणाल्या. "बस तुझ्या खुर्चीवर."

"काजं राहिलीत," सून म्हणाली. मान वर केली नाही.

या दुकानात त्यांना आजवर कुणी असं उत्तर दिलं नव्हतं. कातरबाईंनी ते गिळलं आणि लेकाकडे वळल्या.

"डिस्क काढलीस, ती चूक एक वेळ पोटात घातली असती. पण चार दिवस माझी जीभ उसनी घेऊन बायकोला बोलून घेतलंस, आणि समोर उभा राहून बघत होतास. दुकानाची किल्ली काढ. माझ्याकडे नको, तिच्यापुढे ठेव. यापुढे या उंबऱ्यात पाय टाकायचा, तर तिला विचारून."