चौतीस डावे हात

मी फळ्याकडे पाठ करून... चुकले, वर्गाकडे पाठ करून कधीच लिहीत नाही. तिरकी उभी राहते, एक डोळा फळ्यावर, एक मुलांवर. त्यामुळे माझी अक्षरं उतरणीला लागतात आणि पोरं मला पाठीमागे 'खेकडाबाई' म्हणतात. म्हणू देत. शिकवायचा परवाना मिळून अकरा वर्षं झाली, तरी पाठ फिरवली की मानेवर काटा येतो. त्याचं कारण त्या परवान्यातच आहे.

आमच्या कॉलेजात पदवी आणि परवाना एकदमच मिळायचे, म्हणजे मिळायचे असले तर. शेवटच्या वर्षी खऱ्या शाळेत चाळीस सराव पाठ घ्यायचे आणि मग परीक्षकासमोर एक अंतिम पाठ. तो पडला की परवाना गेला, नुसती पदवी कवटाळून घरी बसा. माझी आई तशीच बसली होती. तिचा अंतिम पाठ दोनदा पडला आणि मग तिने शिवणयंत्र घेतलं. आमच्या घरात या पाठाचं नाव निघालं की यंत्र थांबायचं.

मला चौथीचं गणित मिळालं. वरच्या मजल्यावरची खोली, चौतीस मुलं, आणि शेवटच्या बाकामागे एक लाकडी खुर्ची. तिच्या पाठीवर राखाडी स्वेटर अडकवलेला. पहिल्या दिवशी मी ती खुर्ची पुढे ओढायला गेले, तर अख्खा वर्ग चिडीचूप झाला.

"ताई, तिथे बाई बसतात," पुढच्या बाकावरची एक चष्मेवाली म्हणाली.

"कुठल्या बाई?"

"आमच्या. त्या सुट्टीत वारल्या."

हे तिने असं सांगितलं, जणू बाई जरा पाणी प्यायला बाहेर गेल्यात. मी तडक मुख्याध्यापिकांकडे गेले. त्यांनी फायलीतून डोकं वर काढलं नाही. "राहू दे ती खुर्ची. हलवली की मुलं रडतात. तुम्हाला काय, चार महिने तर काढायचेत."

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. पण फळ्याकडे तोंड केलं की मागून कुणीतरी माझं लिहिणं तपासतंय असं वाटायचं. एकदा तर खुर्ची कुरकुरलेली ऐकली. वळून बघावं तर चौतीस माना मागे वळलेल्या. प्रश्न विचारला की मुलं आधी खुर्चीकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि मग सगळा पालथ्या घड्यावर पाणी असा कारभार. उत्तर यायचं ते चष्मेवालीचं, नाहीतर तिच्या मागच्या दोघांचं. मग मी त्या तिघांनाच विचारू लागले. पाठ झाला की टाचणवहीत लिहायचं असतं, मी लिहायचे, 'उद्दिष्ट साध्य'. ते दोन शब्द लिहिताना मी वही हाताने झाकायचे. घरीसुद्धा, स्वयंपाकघरात, आजूबाजूला कुणी नसताना.

अंतिम पाठाच्या आधीचा आठवडाभर मी रोज संध्याकाळी आईसमोर सराव केला. आई एकटीच चौतीस मुलं व्हायची. "ताई, शू लागली" म्हणायची, "ताई, हा चिमटे काढतो" म्हणायची. दोन दिवस उरले तेव्हा मात्र तिने सुईतला दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "माझ्या वर्गात हात वर गेले नाहीत गं. दोन्ही वेळा. परीक्षक हात बघतो, डोक्यात काय चाललंय ते बघायला त्याला वेळ कुठाय? माझ्याबरोबरच्या एकीने पोरांना आधीच पढवून ठेवलं होतं. येत असेल तर उजवा हात, येत नसेल तर डावा. सगळा वर्ग हात वर! ती फक्त उजव्यांना विचारत गेली. आज मुख्याध्यापिका आहे."

"आई, ही फसवणूक झाली."

"मग काजं करायला शिक. उद्यापासून बस माझ्या शेजारी."

मी काजं शिकले नाही. दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगितलं, उद्या पाहुणे येणार, हात सगळ्यांनी वर करायचा, येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. मुलांनी एकमेकांकडे बघितलं. चार महिन्यांत पहिल्यांदा वर्गात जीव आल्यासारखं वाटलं.

"आमच्या बाईंचं पण असंच होतं!" चष्मेवाली म्हणाली.

मला हसूच फुटलं. जिच्या धाकाने मी घरीसुद्धा वही झाकत होते, ती बाईही आमच्याच माळेतला मणी निघाली! त्या दिवशी जाताना मी खुर्चीकडे बघून चक्क मान डोलावली. रात्री ढाराढूर झोपले.

परीक्षक भला माणूस होता. शिपाई दुसरी खुर्ची आणेपर्यंत तो त्याच खुर्चीवर टेकलासुद्धा, पाठ स्वेटराला लावून. एकही मूल रडलं नाही. मी फळ्यावर दोन सारख्या लांबीच्या पट्ट्या काढल्या, एकीचे तीन भाग केले, दुसरीचे चार.

"एक तृतीयांश मोठा, की एक चतुर्थांश?"

चौतीस हात वर गेले. मी उजवा शोधू लागले. पहिल्या ओळीत सगळे डावे. दुसरीत डावे. खिडकीकडचे डावे. चष्मेवालीचाही डावाच. चाळीस पाठ, चाळीस वेळा उद्दिष्ट साध्य, आणि एकालाही काही कळलेलं नाही. पण खरी भीती वाटली ती त्यांच्या चेहऱ्यांची. कुणीही ओशाळलेलं नव्हतं. सगळे आशेने माझ्याकडे बघत होते. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणी मागे बघत नव्हतं.

"वा!" परीक्षक म्हणाले आणि मान खाली घालून लिहू लागले.

"छान. एक तृतीयांश मोठा," मीच उत्तर देऊन टाकलं. "हात खाली."

हात खाली गेले नाहीत. मी पुढचं उदाहरण मांडलं, सोडवलं, त्याच्या पुढचंही सोडवलं. हात तसेच. मुलांनी उजव्या हाताने डाव्याची कोपरं धरली होती. फळ्याकडे वळले तर बोटांत खडू मोडला. पंधरा मिनिटांनी परीक्षक उठले. "मुलांचा उत्साह काही आवरत नाही बुवा तुमच्या," म्हणाले, कागदावर सही ठोकली, तो माझ्या हातात दिला आणि शेजारच्या वर्गात गेले.

"आता पुरे! खाली घ्या म्हटलं ना!" मी ओरडले. मला रडू यायच्या बेतात होतं.

चष्मेवाली उभी राहिली. हात वरच. "डावा खाली नाही घ्यायचा, ताई. डावा वर केला की बाई बाकापाशी यायच्या. शेजारी बसून सांगायच्या. आधी डावे, मग उजवे. कळलं की मगच खाली घ्यायचा. तुम्ही पण तसंच सांगितलंत ना? म्हणून आम्ही सगळ्यांनी खरं सांगितलं."

खाली कॉलेजची गाडी हॉर्न वाजवत होती. सगळ्यांपाशी नाही, तरी एका बाकापाशी बसण्याइतका वेळ होता. मी बसले नाही. मला तो कागद आईच्या हातात द्यायचा होता, बस्स, दुसरं काही सुचत नव्हतं. पिशवी उचलली. दारात पोचले तरी हात वरच होते. मागच्या बाकावरच्या एका किडकिडीत मुलीचा हात थरथरत होता, पण तिने तो खाली घेतला नाही.

"उद्या येते," मी म्हणाले. "उद्या एकेकाच्या शेजारी बसून सांगते."

सगळे हात एकदम खाली आले. मुलं दंड चोळत हसू लागली, कुणीतरी बाकावर जागा करून बघितली, मी मावते का म्हणून.

माझे पाठ संपले होते. उद्यापासून त्या शाळेत माझं काही काम नव्हतं, आणि हे मला बोलतानाच माहीत होतं.