काहिलीतली अव्वा

अव्वा मेली तेव्हा ती ईश्वरप्पाच्या वाटणीत होती. दोघा भावांनी जमीन वाटली, विहिरीचं पाणी वाटलं आणि शेवटी आई वाटली. एक अमावस्या ते दुसरी अमावस्या थोरल्या ईश्वरप्पाकडं, त्यापुढं धाकट्या शिवमूर्तीकडं. बांधाचं भांडण तेवढं वाटता आलं नाही, ते सामाईक राहिलं. त्याच भांडणात धाकट्यानं थोरल्याचं मनगट कुऱ्हाडीच्या दांड्यानं मोडलं, थोरल्यानं धाकट्याच्या कानाचा तुकडा पाडला आणि गळ्यातलं लिंग मुठीत धरून शपथ घेतली, की मरेपर्यंत या माणसाशी बोलणार नाही. कोणाच्या मरेपर्यंत, हे त्या गडबडीत सांगायचं राहून गेलं.

मग या पावसाळ्यात धरणाची दारं उघडली आणि मांजरा नदी रानात शिरली. ईश्वरप्पाचं घर टेकाडावर, शिवमूर्तीचं समोरच्या माळावर. मधलं सगळं रान बुडालं आणि शिरूर अनंतपाळ तालुक्याला दोन नवी बेटं मिळाली. ज्या बांधापायी रक्त सांडलं, त्याच्यावरून आता पुरुषभर पाणी चाललं होतं, कोणाचीही बाजू न घेता.

अव्वाला रिवाजाप्रमाणे लगेच मांडी घालून भिंतीला टेकवून बसवलं होतं. लिंगायताचं माणूस मातीत आडवं जात नाही, बसून जातं. पण टेकाडावर मातीच राहिली नव्हती. ईश्वरप्पाचा पोरगा वीरेश यानं दोन ठिकाणी खड्डा खणला, दोन्ही ठिकाणी विहीर लागली. कोरडी माती माळावर होती, म्हाताऱ्याच्या समाधीशेजारी. फोन बंद. सुटकेची बोट येऊन गेली, पण जिवंतांसाठी होती.

"नवऱ्याशेजारीच बसंल ती," ईश्वरप्पा म्हणाला. "काहील काढ."

बंद पडलेल्या गुऱ्हाळातली गूळ आटवायची काहील निघाली. तिला चार निळी पिंपं बांधली. वीरेशला पोहता येत नव्हतं, पण मोबाईलवर समुद्रातल्या होड्या बघून बघून शिडाची सगळी माहिती होती. त्यानं मधोमध बांबू रोवून सोयाबीनवरची ताडपत्री चढवली. पुढं पाटावर अव्वा, नवं लुगडं, कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूची माळ, दोरीनं घट्ट बांधलेली. मागं ईश्वरप्पा वल्ह्याऐवजी फावडं घेऊन, आणि पाणी उपसायला घागर घेतलेली त्याची बायको नीलम्मा.

"आवो, ही गोल हाय," नीलम्मा म्हणाली. "गोल वस्तू सरळ जाती का?"

"वाऱ्यानं जाती."

वाऱ्यानं गेली, पण गरगर फिरत. मधल्या धारेत फुगलेली म्हैस येऊन पिंपावर आदळली, तिच्या पोटावर लाथा घालून वीरेशनं तिला ढकललं तर तिच्या शिंगानं एक पिंपच फाडून नेलं. पाठोपाठ मुळासकट उपटलेली बाभळ आली. फांदी ईश्वरप्पाच्या तोंडावर बसली. दोन दात आणि पावशेर रक्त मांजरेच्या खात्यात जमा झालं. ताडपत्री एका बाजूनं सुटली आणि वीरेशच्या कानफडात फाडफाड वाजू लागली.

"दोर सोड, अप्पा, दोर!"

"तुझ्या मायला, कोणता दोर?"

"मला कशाला मधी घेता?" नीलम्मा घागरीनं पाणी उपसत ओरडली.

सगळ्यात शांत अव्वाच होती.

माळ जवळ आला. काठावर शिवमूर्ती उभा होता. त्यानं डोळ्यांवर हात धरून बघितलं. नवं लुगडं, माळ, ताठ बसलेली आई. थोरला भाऊ पुराचा मोका साधून मुदतीच्या आधीच आई पोचती करायला निघाला, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. त्यानं कमरेची गोफण सोडली.

"अमावस्येला अवकाश हाय! ने माघारी!"

पहिला धोंडा ताडपत्रीतून आरपार गेला. काहील गर्रकन फिरली.

"सांग त्याला," ईश्वरप्पा रक्त थुंकत बायकोला म्हणाला.

"भाऊजी! आवो भाऊजी!" तिचा आवाज वाऱ्यानं मागच्या मागं उडवला. "माझा न्हाई पोचत. तुमीच वरडा!"

ईश्वरप्पानं गळ्यातलं लिंग चाचपलं आणि तोंड मिटून घेतलं.

"अप्पा, बोल की!" वीरेश रडकुंडीला आला.

गोफण पुन्हा फिरली. शिवमूर्तीचा नेम पिंपावर होता, पण काहील फिरली. धोंडा अव्वाच्या कपाळात बसला. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला.

अव्वा हलली नाही. रक्तही आलं नाही. शिवमूर्तीचा हात तसाच वर राहिला.

"मेलीय रं ती, शिव्या!" ईश्वरप्पाचा आवाज फुटला. "कालच मेलीय!"

शिवमूर्तीनं तसंच पाण्यात अंग टाकलं. लाटेनं काहील त्याच्या छातीवर आणली, बरगडी मोडली, तरी त्यानं काहिलीचा काठ सोडला नाही. चौघांना ओढून जमिनीला लावलं. ईश्वरप्पा उतरला आणि मोडक्या बांबूनं त्याला झोडपू लागला. पाठ फुटली, बांबू फुटला. शिवमूर्तीनं हात उचलला नाही. असल्या मारण्याला चवच नसते. ईश्वरप्पानं शेवटी बांबू पाण्यात फेकला.

दोघांनी मिळून खड्डा खणला. एक मोडक्या बरगडीनं, दुसरा रक्ताळल्या तोंडानं. नीलम्मानं अव्वाच्या कपाळावरची खोक विभूतीनं भरली. भरता भरता पिशवी रिकामी झाली.

"जाताना काय म्हणली?" शिवमूर्तीनं खाली बघत विचारलं.

ईश्वरप्पा सवयीनं बायकोकडं वळला. "सांग त्याला."

नीलम्मानं रिकामी पिशवी झटकली आणि तोंड फिरवलं.



"म्हणली, लुगडं धुऊन ठेवा," ईश्वरप्पा म्हणाला. "अमावस्येला शिव्याकडं जायचंय."