डब्याचं बाळसं

शिवांजलीचा नवरा जयराज सांगलीत एका बड्या परदेशी कंपनीची बाळाच्या दुधाची पावडर दवाखान्यांतून खपवायचा. जीभ अशी गोड, की दोन मिनिटांत बाळंतिणीला आपलं दूध पाण्यासारखं वाटायला लागायचं. "ताई, तुमचं दूध पुरतंय ना बाळाला?" एवढंच विचारायचा. पुढचं काम तिची भीती करायची.

शिवांजलीला त्याचं कोण कौतुक! म्हसवडला माहेरी ती बाळंत झाली आणि फोनवर त्यानं तिलाही तेच विचारलं, तेव्हा मात्र ते कौतुक आटलं. चांगली अंगाला लागणारी पोर तिला रोड दिसायला लागली. ती रडरड रडली. शेवटी तिची आई मंगलबाई म्हणाली, "पोरीला पदराखाली घे, आन् त्येचा फोन घिऊ नगंस." ती मात्रा लागू पडली.

बारशाला जयराज काखेत पावडरचा डबा मारूनच आला.

"सायबाला फोटू पायजे. आपलाच माणूस पोरीला हेच पाजतोय, असं डॉक्टरांना दावायचंय. परमोशनचं हाय गं."

"तिनं त्यातला थेंब घेतला न्हाई. खोटं कशापायी?"

"कोण बघतंय?"

"मी बघतीया न्हवं!" म्हणत शिवांजली पोरीला पाजायला आत गेली. हा गडी पुन्हा मनात तीच शंका घालणार, या धास्तीनं तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

इकडे बायकांनी रीतीप्रमाणे वरवंट्याला झबलं-टोपडं चढवलं, पोरीच्या आधी त्याला पाळण्यात निजवलं आणि पोरीला आणायला आत गेल्या. अंगणातून आत आलेल्या जयराजला वाटलं, पोरच निजवलीय. त्यानं डाव साधला. टोपड्याशेजारी डबा टेकवला, फोटो काढला आणि पाठवून मोकळा झाला.

शिवांजली पोरीला घेऊन बाहेर आली. जयराज एकदा पोरीकडे बघे, एकदा पाळण्याकडे. मंगलबाईंनी टोपडं मागं सारलं आणि बायकांची हसून मुरकुंडी वळली.

"जावयबापू, बापाचाच चेहरा घेतलाय बगा!"

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. गलक्यात ऐकू येईना, म्हणून जयराजनं स्पीकर लावला.

"वा जयराज! काय शांत बाळ, काय बाळसं! वजन किती?"

"माझ्या सासूच्या येळंपास्नं तेवढंच हाय!" मंगलबाई ओरडल्या.

जयराजनं घाम पुसला. "साहेब, चूक झाली. ते बाळ नाही. वरवंटा आहे, मिरची वाटायचा."

साहेब म्हणाले, "असू दे रे. कुणाला कळणार आहे? डॉक्टरांच्या ग्रुपवर टाकलासुद्धा."

हसणं थांबलं. शिवांजलीला त्या साहेबाची चीड आली, आणि नवऱ्यानं आजवर घाबरवलेल्या सगळ्या बायांची कीव आली. तिनं फोनकडे तोंड केलं. "साहेब, वरवंट्याला मानवलंय तुमचं दूध. त्यालाच देत जावा."

जयराजनं तिला अडवलं नाही. फोन ठेवला आणि फोटोखाली सगळ्या डॉक्टरांना दिसेल असं लिहिलं, 'हा वरवंटा आहे.' परमोशन तिथंच बुडालं.

पोर रडायला लागली. जयराजच्या ओठांवर सवयीनं तोच प्रश्न आला. त्यानं तो गिळला.

"भूक लागली असंल," तो म्हणाला. "घे तिला."